टायरच्या दिव्याचा रिकॉल आला, तर व्हॅनमालकाने काय करायचं?

अमेरिकेत गाडी असलेल्या घरी कधी ना कधी रिकॉलचं पाकीट येतं. रिकॉल म्हणजे दोष सापडल्यावर कंपनीने मोफत दुरुस्तीसाठी गाडी परत बोलावणं. वर वाहतूक खात्याचं चिन्ह असतं, ‘महत्त्वाची सुरक्षा रिकॉल माहिती’ असं ठळक इंग्रजीत छापलेलं असतं आणि तरीही बऱ्याचदा ते क्रेडिट कार्डाच्या जाहिरातींबरोबर कचऱ्यात जातं. ब्रेकचा किंवा एअरबॅगचा रिकॉल असेल तर माणूस निदान दचकतो. ‘टायरमधल्या हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा सदोष’ असं वाचलं की मात्र ‘एक दिवाच तर आहे’ म्हणून विषय संपतो. गाडी चालते आहे, टायर गोल दिसताहेत, मग शनिवारची सकाळ डीलरकडे कशाला घालवायची?

हा लेख त्या शनिवारसाठी आहे. सिएना, ओडिसी, पॅसिफिका, कार्निव्हल अशा मिनिव्हॅन चालवणाऱ्या कुटुंबांसाठी आणि केटरिंगला किंवा सामान पोचवायला ट्रान्झिट, स्प्रिंटरसारखी मोठी व्हॅन वापरणाऱ्यांसाठी. बहुतेक माहिती अमेरिकेतली आहे. भारतातल्या वाचकांसाठी शेवटी वेगळं लिहिलं आहे.

हा दिवा कायद्याने का लावला

ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यातले बरेचसे फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवर होते. वेगात असताना टायरचा वरचा थर सुटून यायचा आणि उंच गाडी उलटायची. अमेरिकी तपासात या टायरांशी २७१ मृत्यू जोडले गेले. टायरमध्ये दोष होताच, पण कमी हवा आणि त्यातून वाढणारी उष्णता यांचीही भर होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात संसदेने ‘ट्रेड अ‍ॅक्ट’ हा वाहन सुरक्षेचा कायदा केला आणि टायरमधली हवा कमी झाली की चालकाला कळवणारी यंत्रणा प्रत्येक नव्या गाडीत हवी, असं ठरवलं.

वाहन सुरक्षेचं काम पाहणाऱ्या एनएचटीएसए या केंद्रीय संस्थेने २००२ मध्ये नियम केला तो ढिसाळ होता. ग्राहक संघटना कोर्टात गेल्या, २००३ मध्ये कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि २००५ मध्ये नवा नियम आला. सप्टेंबर २००७ पासून तो सगळ्या नव्या हलक्या गाड्यांना लागू आहे. वजनाची मर्यादा १०,००० पौंड, म्हणजे ४,५३६ किलो. हे गाडीचं नुसतं वजन नव्हे, तर माणसं आणि माल धरून कंपनीने ठरवलेलं कमाल वजन. मागच्या धुरीवर दोन्ही बाजूंना जोडटायर असतील तर ती व्हॅन या नियमातून सुटते. त्यामुळे मोठी मालवाहू व्हॅन असेल तर आधी तिच्यात ही यंत्रणा आहे का, तेच बघायला हवं.

नियम काय म्हणतो ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. गाडीवरच्या स्टिकरवर जो दाब लिहिला आहे, त्यापेक्षा एखाद्या टायरमधला दाब २५ टक्के किंवा त्याहून जास्त घसरला, तर २० मिनिटांच्या आत पिवळा दिवा लागला पाहिजे. हवा भरेपर्यंत तो लागलेलाच राहिला पाहिजे. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली तरी!

आता हिशेब करा. स्टिकरवर ३६ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) असेल तर दिव्याला २७ पर्यंत गप्प बसायची मुभा आहे. मालवाहू व्हॅनच्या मागच्या टायरांना ८० पीएसआय सांगितले असतील तर थेट ६० पर्यंत. म्हणजे यंत्रणा अगदी ठणठणीत असली तरी ती उशिराच बोलणार. रिकॉलमधल्या गाडीत तर ती बोलेल याचीही खात्री नाही.

पत्र आधी पूर्ण वाचा

पत्रात चार गोष्टी शोधा: रिकॉलचा क्रमांक, दोष काय आहे, त्यातून धोका काय आहे आणि उपाय तयार आहे की नाही. सरकारी क्रमांकाची रचना सोपी असते. पहिले दोन अंक वर्षाचे, मग गाडीसाठी ‘व्ही’ आणि पुढे अनुक्रमांक. कंपनीचा स्वतःचा क्रमांक वेगळा असतो. डीलरच्या काउंटरवर बहुधा तोच विचारतात, म्हणून दोन्ही लिहून ठेवा.

दोष नेमका कसला आहे यावर तुमची काळजी ठरते. डिसेंबर २०२४ मधलं टेस्लाचं उदाहरण घ्या. ती व्हॅन नव्हे, पण या जातीच्या रिकॉलचा इतका स्वच्छ नमुना दुसरा नाही. कंपनीने मॉडेल ३, मॉडेल वाय आणि सायबरट्रक मिळून जवळपास ७ लाख गाड्या रिकॉल केल्या, कारण हवा कमी असतानाही गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की इशाऱ्याचा दिवा लागलेला राहत नसे. रात्री घरी येताना दिवा दिसला, ‘उद्या बघू’ म्हटलं आणि उद्या दिवाच नाही. टायरमधली हवा मात्र तेवढीच कमी. उपाय सॉफ्टवेअरचा होता आणि तो इंटरनेटवरून घरबसल्या गाडीत उतरला.

दोषाचे इतर प्रकारही असू शकतात. दिवा कोणत्या आकड्याला लागायचा तो आकडाच चुकीचा भरलेला असतो. चाकातला सेन्सर गाडीच्या कॉम्प्युटरशी जोडलेला नसतो. किंवा यंत्रणा बिघडली आहे हे सांगणारा इशाराच येत नाही. यातला शेवटचा प्रकार सर्वात फसवा. डॅशबोर्ड शांत दिसतो आणि आपण त्या शांततेवर विश्वास ठेवतो.

पत्रात ‘उपाय अजून तयार नाही, तयार झाल्यावर पुन्हा कळवू’ असंही लिहिलेलं असू शकतं. दोष ठरल्यावर कंपनीने ५ कामाच्या दिवसांत सरकारला कळवायचं असतं आणि मालकांना सर्वसाधारणपणे ६० दिवसांच्या आत पत्रं पाठवायची असतात. दुरुस्ती तयार नसली तरी पहिलं पत्र येतं, दुसरं नंतर. मधला काळ महिन्यांचाही असू शकतो. त्या काळात काय करायचं ते पुढे सांगतो.

पत्र आलंच नसेल तर

पत्र मोटार वाहन विभागातल्या नोंदीवरच्या पत्त्यावर जातं. राज्य बदललं, अपार्टमेंट बदललं, गाडी वापरलेली घेतली, तर ते भलत्याच दारात पडतं. आपल्याकडे नोकरीबरोबर घर बदलणं नेहमीचं, त्यामुळे पत्राची वाट न बघता स्वतः तपासणं बरं.

त्यासाठी व्हिन लागतो. भारतातला चासी नंबर तो हाच. १७ अक्षरं-अंक असतात. इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं त्यात कधीच नसतात, म्हणून शंका आली तर तो एक किंवा शून्य समजा. चालकाच्या बाजूला काचेच्या खालच्या कोपऱ्यात बाहेरून दिसतो, दाराच्या चौकटीवर असतो, रजिस्ट्रेशनवर आणि विम्याच्या कार्डावरही असतो. एनएचटीएसएच्या संकेतस्थळावर रिकॉलच्या पानावर तो टाका. सेफरकार नावाचं त्यांचं मोफत अ‍ॅप आहे. त्यात गाडी एकदा नोंदवली की नवा रिकॉल आल्यावर फोनवरच कळतं. कार सीटही त्यात नोंदवता येते, लहान मूल असेल तर तेही उरकून टाका.

या शोधाला मर्यादा आहेत. तिथे फक्त दुरुस्त न झालेले रिकॉल दिसतात आणि तेही गेल्या १५ वर्षांतले. कालच जाहीर झालेल्या रिकॉलमध्ये कंपनीने सगळे व्हिन चढवलेले नसतील तर तुमची गाडी निर्दोष दिसेल. बातमी वाचून लगेच तपासलं आणि काही आलं नाही, तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा बघा.

दुरुस्तीपर्यंत तुम्हीच दिवा

टायरच्या दिव्याच्या रिकॉलमध्ये ‘गाडी चालवूच नका’ असं सहसा सांगत नाहीत. पत्रात तसं लिहिलं असेल तर मात्र तो शब्द अंतिम. नसेल तर गाडी चालवा, पण हवा स्वतः मोजा. या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा.

नुसत्या डोळ्यांनी भागत नाही. आजच्या रेडियल टायरमध्ये ३६ आणि २७ पीएसआय यांतला फरक उभ्या गाडीत नजरेला जवळजवळ कळत नाही. बाजूची भिंत थोडी फुगलेली तर ती नेहमीच असते. कमी हवेने ती भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, वाकण्याने तापते आणि तापलेलं रबर आतल्या थरांना सोडायला लागतं. शाळा-किराणा-मंदिर एवढ्या फेऱ्यांत हे लक्षात येत नाही. उन्हाळ्यात, भरलेली व्हॅन, हायवेवर सलग तीन तास, अशा वेळी ते बाहेर येतं.

ऑटो पार्ट्सच्या दुकानात हवेचा दाब मोजायचा गेज स्वस्तात मिळतो. काट्याचा घ्या किंवा डिजिटल, पण स्वतःचा घ्या. पंपावरच्या नळीला जोडलेला गेज किती वेळा जमिनीवर आपटला असेल, त्याचा भरवसा नाही. हवा टायर थंड असताना मोजायची: गाडी किमान तीन तास उभी असली पाहिजे किंवा एक मैलापेक्षा कमी चाललेली. म्हणजे सकाळी, घरच्या दारात.

आकडा कुठला धरायचा? चालकाचं दार उघडा, चौकटीवर टायरचं स्टिकर आहे, त्यावरचा. टायरच्या भिंतीवर कोरलेला आकडा तो टायर किती सोसू शकतो याची कमाल मर्यादा असते. तेवढी हवा भरायची नसते, आणि ही गल्लत फार जण करतात. मोठ्या व्हॅनमध्ये पुढचा आणि मागचा आकडा वेगळा असतो, कधी फरक २० पीएसआयहून जास्त.

आठवड्यातून एकदा मोजा, लांबच्या प्रवासाच्या दिवशी निघण्याआधी मोजा. थंडीच्या भागात राहत असाल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात जास्तच. तापमान १० अंश फॅरनहाइटने उतरलं की साधारण १ पीएसआय कमी होतो. ८० अंशांच्या दिवशी ३६ भरलेला टायर २० अंशांच्या सकाळी ३० वर आलेला असतो, कुठेही पंक्चर नसताना. त्यात बारीकसा खिळा असला की २७ दूर नाही. कॅलिफोर्नियात पेट्रोल घेतलं तर पंपावर हवा-पाणी फुकट द्यावं लागतं, तसा कायदाच आहे. इतर राज्यांत बरीच टायरची दुकानं फुकट तपासून देतात.

त्याच स्टिकरवर आणखी एक ओळ असते, माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल त्याची. आई-बाबा भारतातून आले की हिची आठवण ठेवा. सात मोठी माणसं सरासरी ७० किलोची धरली तर ४९० किलो. २३ किलोच्या चार बॅगा म्हणजे ९२. बेरीज ५८२ किलो, म्हणजे १,२८० पौंडांच्या वर. हा आकडा तुमच्या स्टिकरशेजारी ठेवून बघा. सात सीट आहेत म्हणजे सात माणसं अधिक विमानतळावरचं सगळं सामान बसतं, असा अर्थ होत नाही.

स्टेपनीही बघा. तिच्यात बहुधा सेन्सर नसतो, त्यामुळे यंत्रणा नीट असतानाही तिच्याबद्दल कोणी काही सांगणार नाही. छोट्या तात्पुरत्या स्टेपनीला बहुतेक ६० पीएसआय लागतात. तिच्यावरच लिहिलेलं असतं. अलीकडच्या काही गाड्यांत स्टेपनीऐवजी पंक्चर बंद करायचं रसायन देतात. ते वापरलं तर दुकानदाराला सांगा, कारण ते सेन्सरवर चिकटू शकतं.

दिव्याची भाषा

गाडी सुरू करताना घोड्याच्या नालासारखं, मधे उद्गारचिन्ह असलेलं पिवळं चित्र क्षणभर लागून विझलं पाहिजे. हे रोज बघायची सवय लावा. अजिबात लागलंच नाही तर दिव्यात किंवा त्याच्या वायरिंगमध्ये बिघाड आहे. लागून तसंच राहिलं तर कुठेतरी हवा कमी. एक-दीड मिनिट लुकलुकून मग स्थिर झालं तर हवा नव्हे, यंत्रणाच बिघडली आहे.

हा शेवटचा प्रकार आणि रिकॉल यांत गोंधळ होतो. बहुतेक व्हॅनमध्ये प्रत्येक चाकाच्या व्हॉल्व्हला आतून सेन्सर असतो आणि त्यात सीलबंद बॅटरी असते. ती साधारण ५ ते १० वर्षांत संपते, बॅटरी बदलता येत नाही, अख्खा सेन्सर बदलावा लागतो. तो खर्च तुमचा. रिकॉल फक्त पत्रात लिहिलेल्या दोषापुरता फुकट असतो. जुन्या गाडीत डीलर म्हणाला की ‘रिकॉलचं काम केलं, पण दोन सेन्सर मेलेत, त्याचे पैसे पडतील’, तर तो फसवतोच आहे असं नाही. मात्र पत्रातला मजकूर पुढे ठेवून विचारा, की दोष सेन्सरमध्येच नव्हता ना.

डीलरकडे

रिकॉलचं काम त्या कंपनीच्या कोणत्याही अधिकृत डीलरकडे होतं. जिथून गाडी घेतली तिथेच जायला हवं असं नाही. गाडी दुसऱ्या मालकाची असो, वॉरंटी संपलेली असो, काम मोफतच. मर्यादा एवढीच, की पहिल्या विक्रीपासून १५ वर्षं झालेली नसावीत. नेहमीच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये हे फुकट होणार नाही.

फोन करताना आधी रिकॉलचा क्रमांक सांगा, मग व्हिन. विचारायचं ते असं: सुटे भाग आले आहेत का, की फक्त सॉफ्टवेअर घालायचं आहे? किती वेळ लागेल? थांबायचं की गाडी सोडून जायचं? धंद्याची व्हॅन असेल तर हा शेवटचा प्रश्न पैशांचा आहे. बदली गाडी द्यायचं बंधन कायद्याने नाही, पण मागायला काही जात नाही. ‘आल्यासारखे ब्रेक ऑइलही बदलून घ्या’ वगैरे सुरू झालं तर ‘आज फक्त रिकॉल’ एवढं म्हणायचं.

काम झाल्यावर कागद घ्या. त्यावर रिकॉलचा क्रमांक, तारीख आणि काय केलं ते लिहिलेलं हवं. गाडी विकताना तो उपयोगी पडतो. त्याच दोषासाठी तुम्ही आधीच पदरचे पैसे खर्च केले असतील तर पावती जपून ठेवा. अशा खर्चाची परतफेड कशी मागायची ते पत्रातच दिलेलं असतं, मुदतीसह.

डीलर टाळाटाळ करत असेल तर कंपनीच्या ग्राहक विभागाकडे जा. गाडी हजर करून ६० दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर वाजवी वेळेत काम केलं नाही असं कायदा प्रथमदर्शनी मानतो. त्यानंतर एनएचटीएसएकडे तक्रार करा. ती संकेतस्थळावर होते, वकील लागत नाही.

घरी आल्यावर

डॅशबोर्डवर चारही टायरांचे आकडे दिसत असतील तर दुसऱ्या दिवशी सकाळी गेज घेऊन ते पडताळा. एखाद-दोन पीएसआयचा फरक चालतो. दिवा लागतो का बघायला मुद्दाम हवा सोडून गाडी पळवू नका. नियमाने त्याला २० मिनिटं आहेत आणि तेवढा वेळ कमी हवेवर गाडी चालवणं म्हणजे जे टाळायचं तेच करणं.

मालवाहू व्हॅनवाल्यांनी इथे जरा थांबावं. टायरांची अदलाबदल करून पुढचे मागे नेले, पण कोणता सेन्सर कुठे आहे हे कॉम्प्युटरला पुन्हा शिकवलं नाही, तर काही गाड्यांत आकडे उलटे बसतात. समजा पुढे ६५ आणि मागे ८० हवेत. आता मागच्या टायरची तुलना ६५ शी होणार आणि दिवा ६० ऐवजी ४९ च्या आसपास लागणार. रिकॉल नाही, बिघाड नाही, आणि माल लादलेला टायर फारच कमी हवेवर. टायर फिरवून घेतले की ‘सेन्सर पुन्हा शिकवले का?’ हे विचाराच.

भाड्याची व्हॅन

यलोस्टोनला जाताना किंवा बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनाला दोन-तीन कुटुंबं मिळून मोठी व्हॅन भाड्याने घेतात. ३५ पेक्षा जास्त गाड्या असलेल्या भाडे कंपन्यांना दुरुस्त न केलेल्या रिकॉलची गाडी देण्यास २०१६ पासून बंदी आहे. छोटे व्यावसायिक आणि अ‍ॅपवरून स्वतःची गाडी देणारे यात येत नाहीत. तिथे काचेतून व्हिन वाचून फोनवर तपासायला दोन मिनिटं लागतात. वापरलेली गाडी विकणाऱ्यांनाही रिकॉल दुरुस्त करूनच विकायचं केंद्रीय बंधन नाही, म्हणून सौद्याआधी हीच तपासणी करा.

१५ आसनी व्हॅनबद्दल तर एनएचटीएसए वेळोवेळी इशारे देत आली आहे. त्यांच्या पाहणीत अशा ७४ टक्के व्हॅनमध्ये हवेचा दाब बराच चुकलेला आढळला. साध्या मोटारींत हे प्रमाण ३९ टक्के होतं. भरलेली व्हॅन उंच आणि मागे जड असते, टायर फुटला की उलटण्याचा धोका मोठा. किल्ली घेतल्यावर फोटो काढण्याआधी गेज लावा.

भारतात

२०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्याने कलम ११० अ आणलं आणि एप्रिल २०२१ पासून सक्तीच्या रिकॉलचे नियम लागू झाले. ७ वर्षांपर्यंतच्या गाड्या त्यात येतात. त्याआधी २०१२ पासून वाहन उत्पादकांच्या संघटनेची ऐच्छिक पद्धत होती, आणि अजूनही बरेच रिकॉल कंपन्या स्वतःहूनच करतात. एप्रिल २०२२ मध्ये मारुती सुझुकीने १९,७३१ ईको व्हॅन तपासणीसाठी बोलावल्या, कारण चाकाच्या रिमवर मापाची खूण चुकीची पडली होती. दोष मोठा नव्हता, पण मापाची खूण बघूनच दुकानदार पुढचा टायर निवडतो.

टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा भारतात सगळ्या गाड्यांना सक्तीची नाही. ती, ट्यूबलेस टायर आणि पंक्चरचं किट असेल तर ३.५ टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला स्टेपनी न देण्याची मुभा ऑक्टोबर २०२० पासून आहे. म्हणून अशा गाडीत ही यंत्रणा बिघडली तर ते दुप्पट अडचणीचं. गाडी घेताना स्टेपनी आहे की किट, हे डिकी उघडून बघा. रिकॉल तपासायला कंपनीच्या संकेतस्थळावर चासी नंबर टाकायची सोय असते; सर्व्हिसला गाडी सोडताना ‘हिच्यावर काही रिकॉल बाकी आहे का?’ असं विचारलं तर सल्लागार तिथल्या तिथे बघून सांगू शकतो. काम झालं की ते जॉब कार्डवर लिहून घ्या, आणि पंपावर हवा भरणाऱ्याला ‘नेहमीसारखी भर’ न म्हणता पुढचा-मागचा आकडा सांगा.